सिंधुदुर्गातला छोटा काजू कारखाना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्ग, वेंगुर्ले आणि घाटावरचे आजरा-चंदगड इथले छोटे काजू कारखानदार, तसंच नव्याने कारखाना टाकायला निघालेली मुलं-मुली यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांतले भाव फक्त हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. आपल्या दिवसाचा भाव घालून आकडे पुन्हा मांडा. ज्याला फक्त एकच उत्तर वाचायला वेळ आहे, त्याने प्रश्न ३ वाचावा.

१. काजू बीपासून गर काढताना नेमकं काय काय करावं लागतं?

बागेतून आलेली बी खळ्यावर दोन-तीन कडक उन्हं दाखवून वाळवायची, गोणीत भरायची आणि कोरड्या गोदामात फळ्यांवर रचायची. लागेल तशी ती काढून कुकरमध्ये वाफवतात, निवू देतात आणि कटिंग मशीनवर फोडून टरफल व गर वेगळा करतात. मग गर ड्रायरमध्ये जातो. तिथे साल सुकून सैल होते. पुढे सोलणं, प्रतवारी आणि पॅकिंग.

प्रतवारीतला आकडा पौंडाचा असतो. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० गर. डब्ल्यू २४०, २१०, १८० असा आकडा खाली जाईल तसा गर मोठा आणि भाव चढा. फुटलेल्या मालात पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावातच नफा-तोटा ठरतो, म्हणून मशीनच्या वेगापेक्षा फुटीचं प्रमाण बघा.

२. एक किलो गराला किती बी लागते? बी विकत घेताना काय बघायचं?

ढोबळ मानाने चार किलो बीला एक किलो गर. पण हा ढोबळपणाच महाग पडतो. बी १२० रुपये किलो धरा. शंभर किलोचे १२,००० झाले. उतारा, म्हणजे बीतून निघालेला गर, २७ किलो पडला तर गराला बीचाच खर्च किलोमागे ४४४ रुपये. उतारा २४ किलोच पडला तर तोच ५०० रुपये. कारखाना तोच, माणसं तीच आणि किलोमागे ५६ रुपयांचा फरक खरेदीच्या दिवशीच पडून गेला.

ओलावा हा दुसरा चोर. १४ टक्के ओलाव्याची बी घेऊन ती ८ टक्क्यांवर आणली, की शंभर किलोचे साडेत्र्याण्णव राहतात. म्हणजे १२० च्या भावात क्विंटलमागे सुमारे ७८० रुपये उन्हात उडून गेले. अवकाळी पडून गेल्यावर आलेल्या बीत हे प्रमाण आणखी वाढतं, शिवाय बुरशी लागते ती वेगळीच.

म्हणून गोणीच्या तोंडाशी बघून भाव ठरवू नका. गोणीच्या वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ काढा, एक किलो मोजा. किलोत किती दाणे बसतात ते मोजा. १८० च्या आसपास असतील तर बी टपोरी, २२० च्या पुढे गेली तर बारीक. मग ती सगळी किलोभर बी अडकित्त्याने कापा. पांढरा भरदार गर एका बाजूला, सुरकुतलेला, डागी, किडका आणि पोकळ दुसऱ्या बाजूला. चांगल्या गराचं वजन घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे आणि शेजारी, भावबंद, मामा कुणाचीही बी असली तरी ते करायचं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींचा उतारा तीस टक्क्यांच्या आसपास जातो. गावठी झाडांच्या बीत मात्र एका बागेचं दुसऱ्या बागेशी जुळत नाही.

३. जिल्ह्यात एवढा काजू पिकतो, मग आमचे कारखाने ऑगस्टनंतर बंद का पडतात?

कारण बी तीन महिन्यांत येते आणि गर बारा महिने विकायचा असतो. शिमग्याच्या सुमारास हंगाम जोर धरतो आणि पाऊस लागायच्या आत संपतो. वर्षभराची बी याच काळात रोखीने उचलावी लागते. शेतकरी उधार देत नाही, आणि त्याने द्यावी तरी का? त्याचंही वर्ष याच पैशांवर असतं.

दिवसाला २०० किलो बी फोडणारा कारखाना घ्या. तीनशे दिवसांना ६० टन बी लागते. १२० रुपयांनी ७२ लाख. हे मार्च ते मे या काळात हातात पाहिजेत. इमारत आणि मशिनरी मिळून बरेचदा यापेक्षा कमी खर्च आलेला असतो. बी हळूहळू संपत जाते, म्हणून वर्षभर सरासरी निम्मी रक्कम, ३६ लाख, अडकलेली धरू. ११ टक्क्यांनी तिचं व्याज जवळपास ४ लाख होतं. किलो बीमागे साडेसहा रुपये, आणि गराच्या किलोमागे सव्वीस. हा खर्च प्रकल्प अहवालात बहुतेकदा नसतोच.

ज्याच्याकडे ७२ लाख नसतात तो वीस लाखांची बी घेतो, ती पावसाळ्यात संपते, आणि दसरा-दिवाळीला गराला उठाव येतो तेव्हा त्याचं गोदाम रिकामं असतं. मग तो व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने बी घेतो किंवा शटर ओढतो. कामावरच्या बायका दुसरीकडे जातात आणि पुढच्या हंगामात नव्याने शिकवणं सुरू. कोकणातला छोटा कारखाना यंत्राअभावी किंवा गिऱ्हाइकाअभावी क्वचितच बुडतो. तो मार्चच्या पैशांअभावी बुडतो. त्यामुळे आधी खेळत्या भांडवलाची सोय आणि मग मशीनची ऑर्डर, हाच क्रम धरा.

४. बँक तारणाशिवाय कर्ज देत नाही. काही उपाय?

सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे; १ एप्रिल २०२६ च्या आधी ही मर्यादा १० लाख होती. त्यावरच्या रकमेसाठी सीजीटीएमएसई या सरकारी हमी ट्रस्टची पतहमी आहे. १ एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटींपर्यंत वाढली. हमीचं शुल्क तुमच्या खात्यातून जातं, पण घर आणि बाग गहाण पडत नाही. मुदत कर्ज आणि कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज), दोन्हीला ही हमी चालते. शाखेत जाऊन नुसतं ‘कर्ज पाहिजे’ म्हणू नका. ‘सीजीटीएमएसईखाली प्रस्ताव घ्या’ असं लेखी द्या आणि पोच घ्या.

खरी अडचण मर्यादा ठरवताना येते. बँका बरेचदा वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या वीस टक्के एवढं खेळतं भांडवल धरतात. बारा महिने सारखा कच्चा माल येणाऱ्या धंद्याला ते जुळतं. आपल्याला हंगामी मर्यादा मागावी लागते: मार्च ते जून जास्त, पुढे दर महिन्याला उतरती. त्यासाठी बारा महिन्यांचा रोख प्रवाह मांडलेला तक्ता प्रस्तावाला जोडा. हा तक्ता नसेल तर तुमच्या धंद्याचा हंगाम अधिकाऱ्याला कागदावर दिसतच नाही, आणि गावात बदलून आलेला नवा अधिकारी काजूचा हंगाम जाणून असेल असं नाही.

५. पीएमएफएमई घ्यावं की पीएमईजीपी?

पीएमएफएमई ही सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना. तीत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान असतं आणि चालू कारखान्यालाही ते मिळू शकतं. अर्ज कृषी विभागामार्फत जातो. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, नव्या उद्योगासाठी आहे. उत्पादनाच्या प्रकल्पाला ५० लाखांपर्यंत मर्यादा, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास आदी विशेष गटाला ३५ टक्के अनुदान. त्याचं काम जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी ग्रामोद्योग बघतात. दोन्ही योजनांची मंजुरी २०२५-२६ पर्यंतची होती, म्हणून अर्जाआधी पुढची मुदत विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेतच बाजूला राहतं आणि खातं सुरळीत असेल तरच कर्जात वळतं होतं. त्या पैशांतून मार्चमध्ये एक गोण बीसुद्धा येणार नाही. अनुदान वाढावं म्हणून गरजेपेक्षा मोठी मशिनरी घेणाऱ्यांना मी कळकळीने थांबवतो.

६. शेतकऱ्याकडून बी घेतली तर जीएसटी कोण भरतो?

तुमची जीएसटी नोंदणी असेल तर तुम्ही. न फोडलेली काजू बी शेतकऱ्याकडून नोंदणीकृत खरेदीदाराकडे आली, की उलट आकारणीने ५ टक्के कर खरेदीदारानेच भरायचा असतो. तो रोखीनेच भरावा लागतो, जुन्या क्रेडिटमधून (आधी भरलेल्या कराच्या वजावटीतून) वळता करता येत नाही. नंतर त्याचं क्रेडिट मिळतं आणि गर विकताना वापरता येतं. पण ७२ लाखांच्या खरेदीवर ३ लाख ६० हजार हंगामातच अडकतात. प्रश्न ३ मधल्या हिशोबात ही रक्कम मिळवायला विसरू नका.

कंपोझिशनमध्ये (छोट्यांसाठीच्या ठोक दराच्या जीएसटी योजनेत) असाल तरी हा कर चुकत नाही. उलट तुम्हाला त्याचं क्रेडिटही मिळत नाही. प्रत्येक खरेदीचं स्वतःचं बिल बनवा आणि शेतकऱ्याला शक्यतो बँकेतूनच पैसे द्या.

७. आमची उलाढाल ४० लाखांच्या आत आहे. बांद्याहून म्हापशाच्या दुकानात माल टाकला तर चालेल ना?

जीएसटी नोंदणीशिवाय नाही. ४० लाखांची सूट राज्याच्या आतल्या विक्रीपुरती आहे. सीमा ओलांडून माल विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. कंपोझिशनवाल्याला तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही. दोडामार्ग-बांद्याच्या कितीतरी कारखान्यांची जवळची बाजारपेठ गोवाच आहे, आणि नेमके तेच यात अडकतात. गोव्यातलं गिऱ्हाईक मोठं असेल तर सरळ नियमित नोंदणी घ्या. गराला ५ टक्के दर आहे, आणि भाजलेल्या-खारवलेल्या काजूचाही २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलेला आहे.

८. सोलायला बायका मिळत नाहीत. मशीन घेऊन सुटका होईल का?

थोडीफार. सोलण्याचं मशीन वेळ वाचवतं, पण साल चिकटून राहिलेला गर शेवटी हातानेच साफ करावा लागतो आणि मशीनमध्ये फूट वाढते. मुळात माणसं का मिळत नाहीत, तेही बघायला हवं. किलोवर मजुरी असते, हंगाम संपला की काम थांबतं, आणि टरफलाच्या तेलाने बोटांची कातडी सोलवटते. कटिंगला बसणाऱ्या बाईचे हात एकदा जवळून पाहा. बोटांची टोकं काळी पडलेली, नखांच्या कडेने भेगा. हातमोजे, खोबरेल तेल, राख आणि साबण-पाण्याची सोय हा खर्च किलोमागे रुपयांत नाही, पैशांत मोजण्याइतका आहे. तो वाचवणाऱ्याला माणसं टिकत नाहीत याचं आश्चर्य वाटायला नको. वर्षभर काम देऊ शकणाऱ्या कारखान्यात बायका टिकतात, म्हणजे इथेही गोष्ट प्रश्न ३ वरच येते.

९. सोलायचं काम घरोघरी दिलं तर त्या कामगार धरल्या जातात का?

त्या आपल्या हजेरीपटावर नाहीत म्हणून मोजायच्या नाहीत, असं समजू नका. विडी कारखान्यांच्या बाबतीत घरी काम करणाऱ्यांनाही भविष्य निर्वाह निधी लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. ईएसआय (कामगार राज्य विमा) साठी १० आणि पीएफसाठी २० ही कामगारांची संख्या महत्त्वाची. तिच्या जवळ असाल तर आधीच सल्लागाराला विचारा. शिवाय अन्नपदार्थ घरोघरी गेला की केस, धूळ आणि ओलावा यांची जबाबदारी एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, दृष्टीने तुमचीच राहते.

१०. व्यापारी तीन-तीन महिने पैसे देत नाही. काय करता येतं?

वाशी किंवा मशीद बंदरला गर पाठवला आणि पैसे अडकले, हा जवळपास प्रत्येकाचा अनुभव आहे. २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायदा इथे स्पष्ट आहे. सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी तक्रार केली नाही तर माल स्वीकारला असं धरतात. म्हणून ‘तुकडा जास्त निघाला’ हे दोन महिन्यांनी फोनवर सांगितलेलं कारण टिकत नाही.

दाद याच कायद्याखालच्या विभागीय सुविधा परिषदेकडे मागता येते, अर्ज ऑनलाइन होतो. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध खरेदीदाराला न्यायालयात जायचं तर ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. छोट्या माणसासाठी हे फार मोठं बळ आहे.

आयकर कायद्यातही आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरता येते. हीच ती बाजारात बोलली जाणारी, १९६१ च्या जुन्या आयकर कायद्यातली कलम ४३बी (एच) ची तरतूद. मार्चअखेरीस व्यापारी अचानक पैसे सोडतो त्याला हेही एक कारण असतं.

११. उद्यम नोंदणी आता काढली तर जुन्या बिलांना फायदा होईल?

त्यावर विसंबू नका. उद्यम ही सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी. माल पाठवायच्या आधीची नोंदणीच भक्कम. ती मोफत आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत यंत्रसामग्री आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो, म्हणजे आपले बहुतेक कारखाने यात बसतात. उद्यम क्रमांक बिलावर छापा.

एक अपवाद. तुम्ही स्वतः गर काढत नसाल, नुसता घेऊन विकत असाल, तर तुम्ही व्यापारी. व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. प्रश्न १० मधलं संरक्षण त्याला नाही. दोन्ही कामं करत असाल तर हिशोब आणि बिलं वेगळी ठेवा.

१२. ‘उद्यम क्रमांक दाखवला तर तुमचा माल नको’ असं व्यापारी म्हणतो. मग?

असं होतं, आणि याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. एकाच व्यापाऱ्याकडे सगळा माल जात असेल तर कायदा तुमच्या बाजूने असूनही वापरता येत नाही. वर्षभरात निदान तिसरा हिस्सा किरकोळीत न्यायचा प्रयत्न करा: मुंबई-गोवा महामार्गावरची दुकानं, गणपतीला येणारे चाकरमानी, दिवाळीच्या भेटीचे डबे. भाव चांगला आणि पैसे रोख. मग उरलेल्या मालासाठी बोलणी करताना आवाजात जोर येतो.

१३. आफ्रिकेची बी बंद केली तर आमच्या शेतकऱ्याला भाव मिळेल ना?

शेतकऱ्याची नाराजी खरी आहे आणि ती समजून घ्यायला हवी. खत, फवारणी आणि राखणदार यांचा खर्च वाढला, बीचा भाव त्या मानाने वाढला नाही. २०२४ च्या हंगामाला राज्याने किलोमागे १० रुपये अनुदान दिलं. शेजारच्या गोव्यात आधारभूत किंमत आहे, आपल्याकडे तशी कायमची सोय व्हावी असं मला मनापासून वाटतं.

पण देशातल्या कारखान्यांची भूक देशातल्या बीने भागत नाही. बाहेरची बी थांबली तर पावसाळ्यानंतर चालणारे कारखाने आधी बंद होतील, आणि पुढच्या मार्चमध्ये शेतकऱ्याच्या दारात येणारे खरेदीदार कमी होतील. आयात बीवरचं शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ वरून अडीच टक्के झालं. खरी राखण गराच्या आयातीवर हवी. २०१९ मध्ये गरावरचं शुल्क ४५ वरून ७० टक्के केलं आणि किमान आयात किंमत अख्ख्या गराला किलोमागे ७२० रुपये ठरवली, ती याचसाठी. व्हिएतनामसारख्या देशांतला यंत्रावर काढलेला स्वस्त गर वेगळ्या नावाने आत आला तर शेतकरी आणि कारखानदार दोघंही मरतात.

शेतकऱ्याला मेच्या पडलेल्या भावात बी विकावी लागू नये म्हणून पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात बी ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत ६ टक्क्यांनी कर्ज. ती फक्त शेतकऱ्यासाठी आहे, व्यापारी किंवा कारखानदाराला नाही. तरी तिचा फायदा तुम्हाला होतो, कारण सगळी बी एकदम बाजारात न येता पावसाळ्यातही मिळत राहते.

१४. पाकिटावर ‘वेंगुर्ला काजू’ छापता येईल का?

वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव वापरायचं तर ठरलेल्या भागातली बी हवी आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी. बाहेरची बी मिसळलेली असेल तर ते नाव लावू नका, पाव हिस्सा मिसळला असला तरी. तुमचा कारखाना वेंगुर्ल्यात असणं पुरेसं नाही. उलट बी वेंगुर्ला-४ जातीची आहे पण बाग दुसऱ्या राज्यात आहे, तर तेही चालणार नाही. स्थानिक बीची लॉट वेगळी फोडा, वेगळी नोंदवा.

१५. टरफलाचं आणि बोंडूचं काय करायचं?

टरफल तेल काढणाऱ्यांना विकलं जातं. ते तेल रंग, रेझिन आणि ब्रेक लायनिंगमध्ये जातं. बॉयलरमध्ये टरफल जाळाल तर धूर तिखट होतो आणि शेजारी तक्रार करतात ती रास्त असते. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेतानाच चिमणीची उंची आणि टरफलाची विल्हेवाट लिहून द्या. बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ, दुसऱ्या दिवशी टिकत नाही, म्हणून सरबत-सिरप करणारा कारखाना बागेच्या जवळच लागतो. मद्य करायचं तर उत्पादन शुल्क विभागाचा परवाना हवा.

१६. भाव कोसळला, हप्ता थकला. खातं एनपीए होण्याआधी काही करता येतं का?

हो, पण हप्ता थकल्यापासून नव्वद दिवसांच्या आत. त्यानंतर खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, धरलं जातं. २५ कोटींपर्यंत कर्ज असलेल्या एमएसएमईसाठी रिझर्व्ह बँकेची २०१६ ची पुनरुज्जीवन चौकट आहे. हप्ता थकल्यावर खातं आधी ‘विशेष उल्लेख’ गटात जातं. याच काळात स्वतःहून शाखेला लेखी कळवा: आम्ही सूक्ष्म उद्योग आहोत, हा उद्यम क्रमांक, ही अडचण, हा सुधारित रोख प्रवाह, या चौकटीतल्या बँकेच्या समितीपुढे ठेवा. समिती हप्ते पुढे ढकलू शकते किंवा कर्जाची फेररचना करू शकते. ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं, पण त्याच निकालात हेही म्हटलं की खातं एनपीए व्हायच्या आधी उद्योजकाने आपण एमएसएमई असल्याचं पुढे आणायला हवं. नोटीस आल्यावर, लिलावाची तारीख लागल्यावर हा मुद्दा काढून उपयोग होत नाही. आपल्याकडे लोक लाजेपोटी फोन उचलणं बंद करतात आणि हेच नव्वद दिवस हातचे जातात. अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर तारखेसह शाखेचा शिक्का घ्या, आणि गोदामात शिल्लक असलेल्या बीची मोजणी करून तो आकडा अर्जातच लिहा. बी शाबूत आहे हे दिसलं की बोलणं पुढे सरकायला आधार मिळतो.